तरंगणाऱ्या बिया

सायकसची बी पाण्यात टाकायची. बुडाली तर ठेवायची, तरंगली तर फेकायची. गोष्ट एवढीच, पण काकूंनी ती बावीस वर्षं नर्सरीत नव्याने लागलेल्या प्रत्येक बाईला अशी काही शिकवली, की त्या बायका पुढे घरी भाजी धुतानासुद्धा काय तरंगतंय ते बघायच्या. एकीने एकदा तरंगणाऱ्या बियांचा अख्खा ट्रे पेरून ठेवला होता. काकूंनी तिची जी खरडपट्टी काढली ती ऐकून मालक ऑफिसातून बाहेर आले, काकूंचा चेहरा बघितला आणि आल्या पावली परत गेले. "आतून रिकामी बी आहे ती," काकू त्या बाईला म्हणाल्या, "तू तिला पाणी घालशील, ऊन दाखवशील, सहा महिने तिच्या तोंडाकडे बघत बसशील. तुझे सहा महिने काय वर आलेत?"

हा किस्सा लिफ्टवाल्या काकांनी निदान पन्नास वेळा तरी ऐकला होता. काका म्हणजे काकूंचे यजमान. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट बसवल्या आणि दुरुस्त केल्या. झाडांमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. त्यांची एकच खोड होती. काहीही टाकून द्यायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. गंजलेला बोल्ट, तुटलेली स्प्रिंग, वीतभर वायर, सगळं रंगाच्या रिकाम्या डब्यांत भरून पलंगाखाली. "उपयोगी पडेल," म्हणायचे. तीस वर्षांत त्यातलं काही उपयोगी पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

दोन खोल्यांचं तळमजल्यावरचं घर, पुढे चार पावलांचं अंगण, आणि अंगणात अर्ध्यात कापलेल्या लोखंडी पिंपात ते सायकसचं झाड. लेक पहिलीत गेली त्या वर्षी काकूंनी ते बीपासून लावलेलं. आता खोड कमरेएवढं झालं होतं आणि पानं दारातून येणाऱ्याला हटकून टोचायची. गल्लीत राहायला आलेला प्रत्येक नवा माणूस एकदा तरी विचारायचा, "काकू, याला सागो पाम म्हणतात ना? मग साबुदाणा कधी निघणार?" समोरच्या बेकरीवाल्याने विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "एक बी खाऊन बघ. आणि मला सांग, सांगायला उरलास तर." बी विषारी असते. त्या दिवसापासून बेकरीवाला काकूंचा भक्त झाला आणि झाडापासून चार हात लांब राहायला लागला.

झाड मादी होतं. या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी, आणि नर होता तो नर्सरीत. दर दोन-तीन वर्षांनी मादीच्या डोक्यावर तपकिरी केसाळ गड्डा धरला की काकू नर्सरीतून औषधाच्या बाटलीत पराग घेऊन यायच्या, स्टुलावर चढायच्या आणि कुंचल्याने तो गड्ड्यात पेरायच्या. निवृत्तीनंतरही हे चुकलं नव्हतं. गेल्या वर्षीसुद्धा त्या एकट्या बसने गेल्या, पराग आणला, स्टुलावर चढल्या. काकांनी स्टूल धरलं तर म्हणाल्या, "स्टूल सोडा, मला काय लिफ्ट समजलात?"

सुरुवातीपासून शेवटपर्यंत काकूंनी एकटीने नीट केलेलं ते शेवटचं काम.

त्यानंतर विसरणं सुरू झालं. आधी सगळं हसण्यावारीच जायचं. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर, हे कुणाचं होत नाही? मग भाजी आणायला गेलेल्या काकूंना दोन गल्ल्या पलीकडून बेकरीवाल्याने हात धरून आणलं. मग एका दुपारी फोनवर त्यांनी लेकीलाच विचारलं, "कोण बोलतंय?" डॉक्टरांनी एक लांबलचक नाव सांगितलं. काकांनी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं, चिठ्ठी हत्यारांच्या पेटीत खालच्या कप्प्यात ठेवली आणि पुन्हा म्हणून काढली नाही. काकू मात्र ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. "वय झालं की होतं," म्हणायच्या. "तुमचं काय, तुम्ही तर तरुणपणापासून विसरता."

काकांचं मागणं फार नव्हतं. नावं जाऊ देत, रस्ते जाऊ देत, उद्या माझं तोंडसुद्धा विसरू दे, असं ते स्वतःशी म्हणायचे, आणि खोटं नव्हते म्हणत. पण तिला झाडांचं येतं हे जाता कामा नये. आपण कुणीतरी आहोत, आपल्या हाताला काहीतरी जमतं, एवढं तिच्याजवळ राहू दे. एवढ्यासाठी ते वाटेल ते करायला तयार होते, आणि केलंही. तेच तर सांगायचंय.

थंडीत बिया पिकल्या. शेंदरी, गुळगुळीत, लिंबापेक्षा थोड्या लहान. काकांनी त्या काढल्या आणि भीतभीत काकूंसमोर ठेवल्या, आणि काय सांगावं, काकूंचे हात एकदम कामाला लागले! कालचं जेवण आठवत नव्हतं, पण रबरी हातमोजे कुठल्या खिळ्याला आहेत ते बरोबर माहीत होतं. बिया बादलीत भिजत घातल्या. रोज पाणी बदललं. शेंदरी साल बोथट सुरीने खरवडून काढली. मग स्वच्छ पाण्यात सगळ्या बिया सोडल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. एकतीस बुडाल्या, बारा तरंगल्या.

"या बारा टाका," त्या म्हणाल्या.

काकांनी "हो" म्हटलं, आणि रंगाच्या एका डब्यातले स्क्रू दुसऱ्या डब्यात ओतून त्या बारा बिया रिकाम्या डब्यात ठेवल्या. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खोड ती खोड.

बुडालेल्या बिया काकूंनी ट्रेमध्ये वाळूवर आडव्या मांडल्या, अर्ध्या आत, अर्ध्या वर. नर्सरीतल्या शिस्तीने पांढऱ्या पट्टीवर पेरणीची तारीख लिहिली आणि पट्टी ट्रेच्या कोपऱ्यात खोचली. अक्षर थोडं वाकडं आलं होतं, पण तारीख बरोबर होती. त्या संध्याकाळी काका इतके खूश होते की बेकरीवाल्याला उगाचच जाऊन सांगून आले.

पुढे काय होणार ते त्यांच्या लक्षात यायला हवं होतं, पण नाही आलं. पेरलं हे काकूंच्या लक्षात राहायचं नाही. मग रोज सकाळी ट्रे दिसला की त्या एकेक बी उचलायच्या, उलटी करून मूळ फुटलंय का बघायच्या आणि परत ठेवायच्या. दुपारी पुन्हा. कधी कधी चहा पिऊन झाल्यावर पुन्हा. दोन महिने काही बिघडलं नाही, कारण मूळच नव्हतं. मग मुळं फुटली. जाड, पांढरी, काचेसारखी ठिसूळ. एका सकाळी काका ट्रे पुसायला गेले तर वाळूत मुळांची टोकं मोडून पडलेली. त्यांनी मोजली. नऊ.

"अगं, सारखं नको ना उचलून बघूस," ते म्हणाले.

"मी कुठे उचलते? आत्ता तर पेरल्या," काकू म्हणाल्या, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं.

काकांनी ट्रे कपाटावर ठेवून दिला. अरे बापरे! दोन दिवस घर घर राहिलं नाही. काकू कपाटं उघडत होत्या, उशा उलट्या करत होत्या, "माझा ट्रे कुठाय? मालक विचारतील," म्हणून रडत होत्या. फोनवर लेक म्हणाली, "बाबा, टाकून द्या ते सगळं. विषारी आहे, आई कधी तोंडात घालेल सांगता येत नाही." लेकीचं चुकलं नव्हतं. काकांनी तिला "बघतो" म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी ट्रे खाली काढून जागच्या जागी ठेवला. ट्रे दिसताच काकूंनी डोळे पुसले आणि पहिली बी उचलली. काकांनी दहावं मूळ मोडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

त्याच दुपारी, काकू झोपल्या असताना, त्यांनी पलंगाखालचा डबा ओढला.

त्यांचं म्हणणं असं. उरलेल्या एकवीस चांगल्या बिया दुसरीकडे जगतील. त्यांच्या जागी ट्रेमध्ये या बारा. त्या कितीही उचलल्या तरी मोडायला त्यांना मूळच येणार नाही. काकूंचं कामही राहील आणि रोपंही येतील. चौतीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी हे केलं होतं. लिफ्टमध्ये दार बंद करायचं एक बटण असतं. काकांनी बसवलेल्या कितीतरी लिफ्टमध्ये त्या बटणाला वायरच जोडलेली नव्हती. माणसं दाबायची, दार आपल्या वेळेने बंद व्हायचं, आणि माणसांना बरं वाटायचं. कुणाचं काय वाईट झालं?

एकवीस बिया त्यांनी बेकरीवाल्याच्या गच्चीवर नेल्या. खाली भट्टी, त्यामुळे वरची फरशी पहाटेपासून कोमट. काकूंच्या तोंडून बुडाला ऊब हवी, ऊब हवी, हे इतकी वर्षं ऐकलेलं शेवटी कामी आलं. बेकरीवाल्याने बिस्किटांचे जुने पत्र्याचे ट्रे दिले, तळाला भोकं पाडून दिली, आणि "काकूंना कळलं तर माझ्याकडचा पाव बंद करतील," म्हणून हसला. काकाही हसले.

आणि खरं सांगायचं तर पुढचे महिने चांगले गेले. चांगले म्हणजे, अशा घरात जेवढे जाऊ शकतात तेवढे. काकू सकाळी उठायच्या, तोंड धुतलं की ट्रेकडे. बारा बिया एकेक करून उचलायच्या, बघायच्या, आडव्या ठेवायच्या. "अजून नाही," म्हणायच्या. "घाई करून चालत नाही हो याला. हे काय मेथी पेरलीय?" काकांना त्या पाणी कसं शिंपडायचं ते शिकवायच्या, आणि काका रोज नव्याने शिकायचे. रोज चूक करायचे आणि रोज बोलणी खायचे. "तुमच्या हातात पंप द्यायचा की फायर ब्रिगेडचा पाइप?" हे वाक्य तर ठरलेलं होतं. काकांना वाटायचं, जमलं आपल्याला. डॉक्टरांना नाही जमलं ते आपल्याला जमलं. थोडा ताठाच आला होता म्हणा ना.

दुपारी पावाच्या निमित्ताने ते गच्चीवर जायचे. एकवीसपैकी सात कुजल्या. चौदा राहिल्या, आणि पाचव्या महिन्यात त्यातल्या पहिल्या बीमधून एक गुंडाळलेली हिरवी काडी वर आली. काकांना आयुष्यात पहिल्यांदा झाडाबद्दल काहीतरी वाटलं. ते गच्चीवर तसेच उकिडवे बसून राहिले. बेकरीवाला हाका मारून थकला.

मग त्यांनी बेत केला. पान उलगडलं आणि जरा टणक झालं की एक रोप खाली न्यायचं आणि सकाळी सकाळी काकूंच्या ट्रेमध्ये ठेवून द्यायचं. बी उचलायला त्यांचा हात जाईल आणि तिथे पान असेल. काकू काय म्हणतील, हे सुद्धा त्यांनी मनात दहादा ऐकून घेतलं. पान उलगडलंही. पण बेकरीवाला म्हणाला, "काका, अजून आठवडाभर राहू दे. फार नाजूक आहे, तुम्ही मोडाल." काकांना पटलं. सोमवारी न्यायचं ठरलं.

गुरुवारी सकाळी काकू नेहमीपेक्षा लवकर उठल्या.

असे दिवस मधूनच यायचे. डोळे बदललेले असायचे. काकूंनी केस नीट बांधले, स्वतः चहा केला, साखर बरोबर घातली, आणि काकांना म्हणाल्या, "आज लेकीला फोन करू. परीक्षा संपली असेल ना नातीची?" संपली होती. काकांना वाटलं, आज सण आहे. त्यांनी वर्तमानपत्र आणून दिलं. काकूंनी वरची तारीख वाचली, कप खाली ठेवला आणि अंगणात गेल्या. ट्रेच्या कोपऱ्यातली पांढरी पट्टी त्यांनी उपटली, चष्म्याजवळ धरली. ओठ हलले. महिने मोजत होत्या.

त्या पट्टीचं काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. बिया बदलल्या, पण पट्टी काही त्यांनी बदलली नाही.

"अहो, साडेसात महिने झाले," काकू म्हणाल्या. "एकालाही मूळ नाही?"

"येईल की. तूच म्हणतेस, घाई नको."

"घाई वेगळी आणि हे वेगळं. तीन महिन्यांत मूळ दिसायला पाहिजे. बादली आणा."

"बादली कशाला? आज फोन करायचाय ना?"

"बादली आणा म्हटलं ना!"

हा आवाज काकांनी वर्षभरात ऐकला नव्हता. हाच तो मालकांना परत आत पाठवणारा आवाज. एरवी त्यासाठी त्यांनी जीव ओवाळून टाकला असता. त्यांनी बादली आणली. भरली. आणि बादली भरेपर्यंत नळाशी उभं राहून ते फक्त एवढंच म्हणत होते, एक तरी बुडू दे. बारांतली एक तरी.

काकूंनी बिया एकेक करून पाण्यात सोडल्या. बाराच्या बारा वर आल्या आणि बादलीच्या कडेला जाऊन चिकटल्या.

काकूंनी बोटाने एक बी खाली दाबली. सोडली. ती वर आली. दुसरी दाबली.

"सगळ्या तरंगताहेत," त्या म्हणाल्या.



"मी तरंगणाऱ्या पेरल्या." काकूंनी मान वर केली. "अहो, मी तरंगणाऱ्या बिया पेरल्या. आणि तारीख घातलीय वर. हे माझंच अक्षर आहे."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. अंगणातल्या पायरीवर बसल्या, ओले हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "म्हणजे खरंच माझं डोकं गेलंय. तुम्ही सगळे सांगत होतात, डॉक्टर सांगत होता, मी म्हणायचे, चष्म्याचं होतं, रस्त्याचं होतं. हे कसं होईल? हे मला कसं चुकेल?"

आता तुम्ही म्हणाल, काकांनी तिथल्या तिथे का नाही सांगून टाकलं? काय होतं त्यात, दोन वाक्यं तर होती. पण दुसऱ्या वाक्यात सांगावं लागलं असतं, की तू मुळं मोडत होतीस, म्हणून तुझ्या बिया तुझ्यापासून काढून घेतल्या आणि पाच महिने तुला रिकाम्या बियांवर खेळवलं. हे तिच्या तोंडावर कसं म्हणायचं? आणि म्हणून काका, चौतीस वर्षांत अडकलेल्या लिफ्टमधून शेकडो माणसं बाहेर काढलेला माणूस, "चहा टाकतो," म्हणाले आणि आत गेले. याबद्दल त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि मीही त्यांची बाजू घेणार नाही.

चहा उकळून अर्धा झाला तेव्हा ते बाहेर आले आणि काकूंच्या शेजारी बसले.

"अगं, तू नाही पेरल्यास. मी बदलल्या."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं.

"तुझ्या बिया चांगल्या होत्या. बुडालेल्या होत्या. मी त्या काढल्या आणि या टाकलेल्या ठेवल्या. तुला त्रास नको म्हणून. माझी अक्कल. तुझं काही चुकलेलं नाही."

काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. काय तो हात! आई मुलाच्या ठेवते तसा. "तुम्ही ना," त्या म्हणाल्या, "मी बसमध्ये पर्स विसरले तेव्हाही म्हणालात, मीच विसरलो. कपडे जाळले इस्त्रीने तेव्हाही तुम्हीच. किती अंगावर घ्याल हो माझं?"

"अगं, देवाशपथ! पलंगाखाली डब्यात ठेवल्या होत्या मी. थांब, दाखवतो."

काका धावत आत गेले, पलंगाखालून डबा ओढला, अंगणात आणून झाकण काढलं. आत स्क्रू होते. रिकामा डबा रिकामा ठेवणं त्यांना कुठलं जमायला? बिया काढल्या त्याच दिवशी त्यांनी स्क्रू परत भरून टाकले होते.

"स्क्रू आहेत," काकू म्हणाल्या. अगदी मायेने म्हणाल्या.

"मग गच्चीवर चल. बेकरीवाल्याच्या. तुझी रोपं आहेत तिथे. पानं आलीत गं. चल, आत्ता चल."

"नको." काकूंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. "आज नका कुणाला दाखवू मला."

काकांनी हात धरला, त्यांनी सोडवून घेतला. काकांनी बेकरीवाल्याला बोलावतो म्हटलं, तर त्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. काका दाराशी उभे राहून सांगत राहिले, पहिल्यापासून, सगळं. मुळं, कपाट, भट्टी, बिस्किटांचे ट्रे. शेवटी रडायलाच लागले. आतून काकूंचा आवाज आला, "रडू नका. होईल सवय मला."

त्या दिवशी लेकीला फोन झाला नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंचे डोळे परत पहिल्यासारखे झाले. गुरुवार गेला, बादली गेली, नातीची परीक्षा गेली. काकांच्या मनात आलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली, की चला, सुटलो. विसरली असेल. त्यांनी रिकाम्या ट्रेमध्ये घाईघाईने वाळू सारखी केली आणि गच्चीवरून एक रोप आणून मधोमध ठेवलं. सोमवारची वाट कशाला बघायची? काकू उठल्या, तोंड धुतलं आणि अंगणाच्या दाराशी येऊन थांबल्या. ट्रेकडे बघितलं. आणि मागे फिरल्या.

"अगं, बघ तरी, काय आलंय!"

"मला नको," काकू म्हणाल्या. का नको, ते त्यांना माहीत नव्हतं. काय घडलं ते गेलं होतं आणि त्याचं दुःख तेवढं राहिलं होतं. शनिवारी नाही, रविवारी नाही. सोमवारी काकांनी पंप हातात दिला तर त्यांनी तो खाली ठेवला, हळूच, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. दिवसभर खुर्चीत बसून राहायच्या. हात मांडीवर. बावीस वर्षं आणि वर आणखी काही, ज्या हातांना एक क्षण चैन नव्हतं, ते हात.

लेक रजा काढून आली. काकांनी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत." काकांना ते ऐकून आणखीच वाईट वाटलं. ती एखादा सणसणीत शब्द बोलली असती तर झेपलं असतं.

लेकीनेच मग एक दिवस काकूंना सांगितलं, "आई, चल, बेकरीत पाव आणायला जाऊ." मायलेकी आणि मागे काका. बेकरीवाल्याने काउंटर सोडला, काकूंना खुर्ची दिली, ताजा पाव हातात दिला आणि म्हणाला, "काकू, वर गच्चीवर जरा येता? झाडं आहेत, मला काही कळत नाही त्यातलं." काकू त्याला ओळखत नव्हत्या, पण मदतीला कधी नाही म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या. जिना चढल्या.

गच्चीवर बिस्किटांच्या ट्रेमध्ये रोपं उभी होती, तेरा, आणि चौदावं काकांनी परत आणून ठेवलेलं. प्रत्येकाला एकेक पान. काही उलगडलेली, काही अजून गुंडाळलेली. काकू वाकल्या. मग खालीच बसल्या. लेकीने काकांचा दंड घट्ट धरला. काकूंनी पहिल्या रोपाच्या बुडाशी बोट घातलं, वाळू चिमटीत घेतली, चोळली, नाकाशी नेली. एका पानाखाली बोट धरून पान उजेडात वळवून बघितलं. काकांनी ओळखलं. ती होती. ही तीच होती.

"बुडाला ऊब चांगली आहे," काकू म्हणाल्या. "पण पाणी जास्त होतंय. चार दिवस घालू नका."

"नाही घालणार," बेकरीवाला म्हणाला.

"छान आलीत. चौदा म्हणजे काय थट्टा आहे? कुणाची आहेत?"

काका पुढे झाले, त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "तुझी. तुझ्या झाडाच्या बिया, तू पराग घातलास, तू सोलल्यास, तू पाण्यात टाकून निवडल्यास. तू पेरल्यास. सगळी तुझी."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग लेकीकडे, मग बेकरीवाल्याकडे. चेहरा लाजल्यासारखा, पकडल्यासारखा झाला. पानाखालचं बोट त्यांनी काढून घेतलं, दोन्ही हात मागे नेले आणि मागेच धरून ठेवले.

"नाही हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, फक्त काकांना ऐकू जावं म्हणून. "माझी नसतील. मी तरंगणाऱ्या पेरते."

सगळं गेलं होतं. बस, नर्सरी, मालक, लेकीचं नाव, घराचा रस्ता. आणि राहिलं काय, तर काकांनी केलेलं तेवढं.

खाली भट्टीतून कुणीतरी बेकरीवाल्याला हाक मारली. तो गेला नाही. लेक पाठमोरी झाली होती.

काकू उठल्या. एका हाताने काकांनाही उठायला मदत केली, गुडघे दुखतात ना त्यांचे. जिन्याशी गेल्यावर थांबल्या आणि एकदा मागे वळून रोपांकडे बघितलं.

"ज्यांची आहेत त्यांना सांगाल ना?" त्या म्हणाल्या. "हात फार चांगला आहे म्हणावं. फक्त पाणी कमी."

"सांगतो," काका म्हणाले.